मेट्सच्या ४०७ धावांचा हिशेब

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर लगेच कळेल. तुम्ही न्यू जर्सीत नवीन आहात. ऑफिसात शेजारी बसणारा गृहस्थ न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचा पिढीजात भक्त आहे आणि १९६२ च्या संघाच्या गोष्टी सांगून सगळ्यांना हसवतो. एका मोसमात १२० पराभव! तुम्हाला पडलेला प्रश्न असा, की खेळाडू घ्यायला अठरा लाख डॉलर मोजले, शहरातल्याच यांकीज संघाला सात वेळा वर्ल्ड सिरीज (मोसमाची अंतिम मालिका) जिंकून दिलेला मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) आणला, तरी इतका रद्दी संघ तयार झालाच कसा? आणि तोच संघ १९६९ मध्ये विजेता झाला, त्याला सगळे ‘चमत्कार’ म्हणतात, ते तुमच्या पचनी पडत नाही.

माझ्याही पडत नाही. मी सत्तावीस वर्षं विदर्भात शाळा-कॉलेजच्या पोरापोरींना सॉफ्टबॉल आणि बेसबॉल शिकवतोय. जिल्ह्याच्या निवड समितीत बसलोय, आणि एकदा शून्यातून क्लबचा संघ उभा करायला जाऊन सपशेल तोंडावर आपटलोय. व्यावसायिक बेसबॉलशी माझं नातं वाचण्याचं आणि पहाटे उठून सामने बघण्याचं, एवढंच. पण नवा संघ का मार खातो हे मला जवळून माहीत आहे, म्हणून लिहायला बसलो. जरा लांबेल.

आधी चार आकडे बघा. १९६२ मध्ये मेट्सनी मोसमभरात ६१७ धावा केल्या आणि ९४८ दिल्या. १९६९ मध्ये केल्या ६३२ आणि दिल्या ५४१.

हे आकडे पहिल्यांदा वहीत शेजारी शेजारी लिहिले तेव्हा मला वाटलं, उतरवताना काहीतरी चुकलं. सात वर्षांत जवळजवळ सगळे चेहरे बदलले आणि धावा वाढल्या किती, तर पंधरा. चाळीस सामने जिंकणारा संघ आणि शंभर जिंकणारा संघ, बॅट हातात घेतल्यावर दोघंही साधारण सारखेच. फरक पडलाय तो दुसऱ्या रकान्यात, ४०७ धावांचा. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर म्हणजे त्या ४०७ धावा आधी कुठून गळत होत्या आणि मग कुणी अडवल्या, याचा तपास.

थोडी सूट द्यायला हवी. १९६२ मध्ये नॅशनल लीगचा, म्हणजे दोन मुख्य लीगांपैकी मेट्स ज्यात खेळतात तिचा, संघ सामन्याला सरासरी साडेचारच्या आसपास धावा करायचा, १९६९ मध्ये चारच्या आसपास. मैदानही बदललं होतं. पहिले दोन मोसम मेट्स जुन्या पोलो ग्राउंड्सवर खेळले. ते मैदान घोड्याच्या नालेच्या आकाराचं होतं. मध्यभागी कुंपण पावणेपाचशे फुटांच्याही पलीकडे, आणि उजव्या-डाव्या रेषेवर जेमतेम २५८ आणि २७९ फुटांवर. रेषेलगत उचललेला साधा झेल तिथे होमरन, म्हणजे कुंपणापारचा फटका, व्हायचा. त्या वर्षी मेट्सच्या पिचरांनी (चेंडू टाकणाऱ्यांनी) १९२ होमरन खाल्ले, त्यात मैदानाचाही हातभार होता. पण लीगभर आटलेल्या धावा वजा केल्या तरी तीनशेच्या वर धावांचा फरक उरतोच.

नशिबाचा वाटाही काढून ठेवू. आम्ही प्रशिक्षक एक ढोबळ सूत्र वापरतो. केलेल्या धावांचा वर्ग घ्या, दिलेल्या धावांचा वर्ग घ्या, आणि पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागा. जिंकण्याचं प्रमाण बऱ्यापैकी जवळ येतं. या सूत्राने १९६२ चे मेट्स ४७-४८ सामने जिंकायला हवे होते, जिंकले ४०. १९६९ चे ९३-९४ जिंकायला हवे होते, जिंकले १००. म्हणजे एका टोकाला सात-आठ सामन्यांचं दुर्दैव आणि दुसऱ्या टोकाला सहा-सात सामन्यांचं सुदैव. तुमच्या सहकाऱ्याच्या दंतकथेतला चमत्कार मोजायचाच झाला तर एवढाच. बाकी सगळ्याला कारणं आहेत.

पहिलं कारण संघ जन्मायच्या आधीचं. १९५७ चा मोसम संपला आणि न्यूयॉर्कचेच दोन संघ, ब्रुकलिनचे डॉजर्स लॉस एंजेलिसला, तर जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला निघून गेले. न्यूयॉर्कमध्ये नॅशनल लीगचा संघच उरला नाही. तेव्हा विल्यम शे नावाच्या वकिलाने, ब्रँच रिकीसारख्या मुरलेल्या माणसाला अध्यक्ष करून, कॉन्टिनेंटल लीग नावाची तिसरी लीग काढायचा घाट घातला. त्या लीगचा एकही सामना कधी झाला नाही. १९६० मध्ये ती गुंडाळली गेली, पण गुंडाळण्याची किंमत म्हणून न्यूयॉर्क आणि ह्यूस्टनला १९६२ पासून नॅशनल लीगमध्ये जागा मिळाली. थोडक्यात, जुन्या आठ मालकांनी हे पाहुणे हौसेने बोलावले नव्हते, ते गळ्यात पडले होते. अशा पाहुण्यांच्या ताटात काय वाढलं जातं ते आपल्याला माहीत आहे.

१० ऑक्टोबर १९६१ ला सिनसिनाटीत नव्या दोन संघांसाठी खेळाडूंचं वाटप झालं. जुन्या प्रत्येक संघाने पंधरा नावांची यादी द्यायची. त्यात सात नावं ३१ ऑगस्टच्या मुख्य पंचविसातली, आठ त्याबाहेरची. कोणती नावं द्यायची ते देणारा ठरवणार. नव्या दोन्ही संघांनी प्रत्येक यादीतून दोन-दोन खेळाडू प्रत्येकी ७५ हजार डॉलरला घ्यायचेच. हवा तर आणखी एक ५० हजाराला. शिवाय जरा बऱ्यातल्या वेगळ्या यादीतून चार, प्रत्येकी सव्वा लाखाला. मेट्सनी सोळा, चार आणि दोन असे बावीस घेतले. मांडून बघा, बरोबर अठरा लाख होतात. तुम्हाला ही रक्कम ‘संघावर ओतलेला पैसा’ वाटली. मला ती प्रवेश फी वाटते. बदल्यात मिळालं ते आठ घरांनी माळ्यावर टाकलेलं सामान.

हे मी कुत्सितपणे म्हणत नाही. आम्ही क्लब काढला तेव्हा तालुक्यातल्या दोन जुन्या क्लबांनी मोठ्या मनाने पाच-पाच खेळाडू देऊ केले होते. यादी हातात आली. एकाचा खांदा गेलेला. एक पंचांशी भांडून वर्षभर बाहेर. एक छान मुलगा, पण बी.कॉम.चं शेवटचं वर्ष, जूनमध्ये पुण्याला नोकरीला जाणार. यादी देणाऱ्यांनी लबाडी केली असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांच्या जागी असतो तर माझीही यादी अशीच असती.

मेट्सनी त्या वाटपात पहिलं नाव उचललं हॉबी लँड्रिथ, कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून पिचरचा चेंडू पकडणारा. का, असं विचारल्यावर मॅनेजर केसी स्टेंगल म्हणाला, कॅचर नसेल तर चेंडू सारखे मागे जात राहतील. यावर आजही लोक हसतात. मी हसत नाही, कारण मी कॅचर न घेता संघ बांधलाय. आमच्याकडे गावातला उत्तम विकेटकीपर होता, त्यालाच मुखवटा चढवून बसवला. पोरगं चपळ, हात मऊ. पण विकेटकीपरचे हात चेंडूबरोबर मागे यायला शिकलेले असतात, आणि अंगावर येणारा चेंडू तो शरीराच्या बाजूला घेतो. कॅचरचं उलट. चेंडू जमिनीवर आपटणार असं दिसलं की गुडघे टाकायचे, ग्लोव्ह दोन पायांच्या फटीत लावायचा, हनुवटी छातीला टेकवायची आणि चेंडू अंगावर मरू द्यायचा. पकडला नाही तरी चालेल, पुढे पडला पाहिजे. आमच्या कीपरने पहिल्याच सामन्यात सात चेंडू बाजूने घेतले आणि सातही मागच्या जाळीला गेले. तिसऱ्या बेसवरचा धावणारा हात हलवत घरी यायचा. त्याहून वाईट म्हणजे चौथ्या इनिंगपासून आमच्या पिचरने खाली चेंडू टाकणंच सोडलं. छातीच्या उंचीवर टाकायला लागला, आणि समोरच्यांनी त्याला झोडपून काढलं. कॅचर नसला की पिचर पण हातचा जातो.

तेव्हा स्टेंगलची जागेची निवड बरोबर होती. माणूस टिकला नाही, हे दुर्दैव. लँड्रिथ जूनमध्ये बाल्टिमोरला गेला. एप्रिलमध्ये क्लीव्हलंडकडून ‘बदल्यात कोण ते नंतर ठरवू’ या बोलीवर हॅरी चिटी नावाचा कॅचर आणला होता, तो नंतर ठरवलेला माणूस म्हणून जूनमध्ये स्वतःच परत गेला. स्वतःच्याच बदल्यात विकला गेलेला खेळाडू! मोसमभरात मेट्सकडून सात जण कॅचर म्हणून उभे राहिले. सात वेगळे ग्लोव्ह, सात वेगळ्या खुणा. पिचरने विश्वास ठेवायचा कुणावर?

आता पिचरांकडे बघा. रॉजर क्रेग २४ सामने हरला, अल जॅक्सन २०, जे हुक १९. एवढं वाचून वाटतं तिघंही टाकाऊ होते. तसं नाही. वीस वेळा हरण्यासाठी मॅनेजरने तुम्हाला पुन्हा पुन्हा मैदानात उतरवावं लागतं, आणि तो बऱ्यातल्यालाच उतरवतो. खरी गोम क्षेत्ररक्षणात होती. त्या संघाने २१० चुका केल्या. दिलेल्या ९४८ धावांपैकी पिचरच्या खात्यावर पडल्या आठशेच्या आसपास. उरलेल्या जवळपास दीडशे मागच्यांच्या हातातून निसटलेल्या. आणि चुकीने लांबलेल्या इनिंगमध्ये पिचरला जे पंधरा-वीस जास्तीचे चेंडू टाकावे लागतात, ते तर कोणत्याच रकान्यात दिसत नाहीत. आठव्या इनिंगला त्याचा हात जड होतो, तेव्हा दिसतात.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर वाटपाच्या नियमांनी मेट्सना सुमार माल दिला, त्यातही मधला कणा, म्हणजे कॅचर, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक), सेंटरफील्ड (मधला दूरचा क्षेत्ररक्षक) आणि पिचर, पोकळ होता. धावा तिथून गेल्या.

पण इथे तुम्ही विचाराल, ह्यूस्टनलाही त्याच यादीतून माल मिळाला, मग ते ६४ सामने कसे जिंकले? रास्त शंका आहे. ह्यूस्टनने तरुण आणि अनोळखी मुलं घेतली. मेट्सनी जुनी ओळखीची नावं घेतली. डॉजर्सचा लाडका गिल हॉजेस वाटपात घेतला, त्याचं वय मोसम सुरू होताना ३८. क्रेग आणि डॉन झिमर हेही मूळचे ब्रुकलिनचे. झिमर लागोपाठ ३४ वेळा रिकाम्या हाताने परतला आणि खातं उघडल्यावर थोड्याच दिवसांत विकला गेला. रिची ॲशबर्न वेगळा विकत आणला, वय ३५. त्याने .३०६ च्या सरासरीने (दहा प्रयत्नांत साधारण तीन यशस्वी फटके) फलंदाजी केली, तो संघातला सर्वोत्तम ठरला आणि मोसम संपताच निवृत्त झाला. शहाणा माणूस.

खेळ म्हणून बघितलं तर ही निवड चुकीची होती, यात वाद नाही. धंदा म्हणून बघितलं तर माझं मत पूर्ण उलट आहे, आणि या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोक तो उडवून लावतात.

मालकीणबाई जोन पेसन. जायंट्समध्ये त्यांची थोडी भागीदारी होती, आणि संघ सॅन फ्रान्सिस्कोला न्यायला त्यांच्या बाजूने विरोधात मत पडलं होतं. शहर नेमकं कशाला मुकलंय हे त्यांना ठाऊक होतं. नव्या संघाचे रंग बघा, डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा केशरी. पोलो ग्राउंड्स जायंट्सचं जुनं घर. तिथे ३० मे १९६२ ला लॉस एंजेलिसचे डॉजर्स खेळायला आले, पाच वर्षांत पहिल्यांदाच न्यूयॉर्कला. ५५,७०४ लोक आले. मेट्स हरले, अर्थातच. पण माहेर सोडून गेलेली लेक पाच वर्षांनी दारात यावी आणि अख्खा वाडा गोळा व्हावा, तसा तो दिवस होता. हॉजेस आणि झिमरसारख्यांचं तिथे काय काम होतं ते आता कळेल. नेम धरून चेंडू मारणं हा त्यांच्या कामाचा दुय्यम भाग.

१२० पराभवांच्या त्या मोसमात घरच्या मैदानावर ९,२२,५३० लोक आले. १९६४ मध्ये मेट्सचं नवं मैदान, शी स्टेडियम, उघडलं. त्या वर्षी मेट्स १०९ सामने हरले आणि १७,३२,५९७ लोक आले. शेजारच्या यांकीजनी त्याच वर्षी अमेरिकन लीग जिंकली आणि त्यांच्याकडे आले १३,०५,६३८. शेवटचा नंबर काढणाऱ्याने पहिल्या नंबरवाल्यापेक्षा चार लाख जास्त माणसं खेचली.

याच्या शेजारी सिअ‍ॅटल ठेवा. १९६९ मध्ये तिथे पायलट्स नावाचा नवा संघ आला. ६४ सामने जिंकला, म्हणजे मेट्सच्या पहिल्या वर्षापेक्षा चोवीस जास्त. प्रेक्षक आले पावणेसात लाखांच्या थोडे वर. मैदान जुनं, अपुरं; मालकांची तिजोरी आणखी अपुरी. पुढच्या वसंतात संघ दिवाळखोरीत निघाला आणि उचलून मिलवॉकीला नेला गेला. एका मोसमाचं आयुष्य. नव्या संघाला पराभव मारत नाहीत, रिकाम्या खुर्च्या मारतात.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या क्लबमध्ये मी ह्यूस्टनसारखं वागलो. जुनी, गावाला माहीत असलेली नावं नको म्हटली, दहावी-अकरावीची होतकरू पोरं घेतली. तांत्रिकदृष्ट्या अजूनही ते योग्य वाटतं. पण सामना बघायला कोण येणार? पोरांचे आईबाप आणि मैदानाशेजारचा चहावाला. गणवेश आणि ग्लोव्हचा खर्च उचलणाऱ्या सराफाने पहिल्या मोसमानंतर हसतमुखाने हात वर केले. म्हणाले, “सर, आमचं नाव कुणाच्या नजरेला पडलंच नाही.” दुसऱ्या वर्षी क्लब बंद. ती पोरं चांगली खेळाडू झाली, दुसऱ्यांच्या संघांत.

अर्थात हे सगळीकडे लागू पडेल असं नाही. जुन्या नावांचा डाव न्यूयॉर्कमध्ये चालला, कारण तिथे दोन संघांच्या आठवणी उराशी धरून बसलेलं शहर होतं. जिथे अशी आठवणच नाही, तिथे ३८ वर्षांचा फर्स्ट बेसमन हा फक्त ३८ वर्षांचा फर्स्ट बेसमन असतो.

स्टेंगलबद्दल तुम्ही विचारलंत. माझ्या मते तो पहिल्या वर्षी मॅनेजर म्हणून फारसा महत्त्वाचा नव्हता. यांकीजकडे त्याच्या हाताशी हिरे होते, इथे खडे. पण पत्रकारांना तो रोज मजकूर पुरवायचा. बहात्तरीचा म्हातारा पराभवानंतर तासभर गप्पा हाणतोय म्हटल्यावर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पराभव मागे आणि किस्सा पुढे. मार्व्ह थ्रोनबेरीने तीन बेसचा फटका मारला आणि पहिल्या दोन बेसला पायच लावला नव्हता म्हणून तो बाद झाला, हा किस्सा तुमच्या सहकाऱ्याने सांगितलाच असेल. असे किस्से संघाला जगवत होते. मात्र त्याचा एक तोटा होता, आणि तो पुढे हॉजेसने निस्तरला. त्याकडे येतो.

आता गळती कशी थांबली ते. आकड्यांत बघाल तर बरीच वर्षं काहीच थांबलेलं दिसत नाही. विजय ४०, मग ५१, ५३, ५०. क्रेगने १९६३ मध्ये लागोपाठ १८ सामने गमावले. १९६६ मध्ये ६६ जिंकले, पहिल्यांदा शंभराच्या आत हरले, आणि १९६७ मध्ये परत ६१ वर घसरून तळाला. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार, ही मंडळी जागच्या जागी पाय हलवतायत. पण आपण शेतीतली माणसं, आपल्याला हे समजायला जड नाही. मेट्सनी बाजारातून म्हातारे बैल आणले होते, कारण गोठ्यात वासरूच नव्हतं. जुन्या संघांकडे दुय्यम लीगमध्ये मुरत असलेल्या पोरांची फौज असायची. नव्याकडे शून्य. वासराचा बैल व्हायला लागतात तेवढी वर्षं लागणारच, तिथे पैसा घाई करू शकत नाही. पैसा एवढंच करतो, की तोवर गोठा उघडा ठेवतो. पोलो ग्राउंड्सच्या तिकिटांचं मोल हे होतं.

पोरं येत गेली. शॉर्टस्टॉप बड हॅरेल्सन १९६३ मध्ये करारबद्ध झाला. जेरी कूसमनची गोष्ट मला फार आवडते. टेक्सासमधल्या लष्करी तळावर तो पिचिंग करायचा, आणि त्याचा तिथला कॅचर शी स्टेडियमवर प्रेक्षकांना जागा दाखवणाऱ्या माणसाचा मुलगा होता. पोराने बापाला पत्र लिहिलं, बापाने ते क्लबच्या माणसांना सांगितलं. आमच्याकडे अजूनही अर्धी निवड अशीच होते, कुणाच्या तरी मेहुण्याने शेजारच्या गावात डावखुरा पोरगा बघितलेला असतो. पिचर नोलन रायन १९६५ च्या पहिल्याच वार्षिक निवडीत (संघ आळीपाळीने नवी पोरं निवडतात ती) बाराव्या फेरीत मिळाला. कॅचर जेरी ग्रोट त्याच वर्षी ह्यूस्टनकडून आला, बदल्यात गेला एक सामना जिंकून दहा हरलेला पिचर. सात कॅचरांच्या त्या भगदाडावर शेवटी दगड बसला. सेंटरफील्डला टॉमी एजी १९६७ च्या डिसेंबरात शिकागोहून आणला. पोकळ कणा असा एकेक मणका करून भरला गेला.

सगळे निर्णय शहाणपणाचे होते असं समजू नका. १९६६ मध्ये वार्षिक निवडीत पहिला मान मेट्सचा होता. त्यांनी स्टीव्ह चिलकॉट नावाचा शाळकरी कॅचर उचलला. तो खांद्याच्या दुखण्याने कधीच मुख्य लीगपर्यंत पोहोचला नाही. त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर गेला रेजी जॅक्सन, पुढे ५६३ होमरनचा धनी. कॅचरचा सोस अंगाशी आला तो असा.

आणि त्याच वर्षी उलट दान पडलं. टॉम सीव्हर नावाच्या कॉलेजच्या पिचरशी अटलांटाने करार केला, पण त्याच्या विद्यापीठाचा मोसम तोवर सुरू झाला होता, म्हणून कमिशनरने करार रद्द ठरवला. अटलांटाइतका पैसा द्यायला तयार असलेल्या संघांनी नावं द्यावीत, असं फर्मान निघालं. तिघांनीच दिली, फिलाडेल्फिया, क्लीव्हलंड आणि मेट्स. हॅटमधून चिठ्ठी काढली, मेट्सचं नाव निघालं. १९६९ मध्ये सीव्हर २५ सामने जिंकला आणि ७ हरला. हे शुद्ध नशीब, मान्य. पण चिठ्ठी टाकायला वीस संघांपैकी तीनच पुढे आले होते. बाकीच्यांचं नशीब हॅटपर्यंत पोचलंच नाही.

उरला हॉजेस. तोच, १९६२ मध्ये संघाच्या पहिल्याच सामन्यात क्लबचा पहिला होमरन मारणारा म्हातारा. १९६३ मध्ये तो वॉशिंग्टनला मॅनेजर म्हणून गेला होता. १९६८ च्या मोसमासाठी मेट्सनी एक लाख डॉलर आणि एक पिचर देऊन त्याला परत आणलं. मॅनेजरसाठी खेळाडू मोजला, यावरून काय ते समजा. त्याच वर्षी संघ ७३ सामने जिंकला.

३० जुलै १९६९, शी स्टेडियम, ह्यूस्टनविरुद्ध एका दिवसात दोन सामने. पहिल्यात ह्यूस्टनच्या १६ धावा, दुसऱ्यात ११. दुसऱ्या सामन्यात डाव्या बाजूला एक फटका गेला आणि क्लीऑन जोन्स त्याच्यामागे रमतगमत धावला. मैदान ओलं होतं. हॉजेस डगआउटमधून निघाला. सगळ्यांना वाटलं पिचर बदलणार. तो पिचरला ओलांडून गेला. मग वाटलं शॉर्टस्टॉपशी बोलणार. त्यालाही ओलांडून, एकेक पाऊल टाकत थेट जोन्सपाशी. दोन वाक्यं झाली असतील. मग वळला आणि त्याच चालीने परत निघाला, मागून जोन्स मान खाली घालून. संघातला सर्वोत्तम फलंदाज होता तो, मोसमाअखेर त्याची सरासरी .३४०.

स्टेंगलच्या काळातला तोटा म्हणालो तो हा. हरण्यात गंमत आहे, अशी सवय लागली होती. प्रेक्षकांना ती शोभते, खेळाडूला नाही. मी स्वतः असं कुणाला बाहेर काढलं असतं का? मुलांच्या संघात नाही, कधीच नाही. पंधरा वर्षांच्या पोराची अशी वरात काढली तर ते परत मैदानावर येत नाही. पण व्यावसायिक संघात, पगार घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत, आणि तेही एकदाच केलं तर चालतं. हॉजेसचा आवाज एरवी चढत नसे, म्हणून त्या चालण्याला वजन होतं.

ऑगस्टच्या मध्याला मेट्स शिकागोच्या मागे दहा सामने होते. मोसम संपला तेव्हा आठ सामने पुढे. लीगच्या अंतिम मालिकेत अटलांटाला सरळ तीन सामन्यांत घरी पाठवलं, आणि १६ ऑक्टोबरला बाल्टिमोरविरुद्धची वर्ल्ड सिरीज चार-एक अशी संपवली. ह्यूस्टन, ज्यांनी पहिल्या वर्षी मेट्सपेक्षा चोवीस सामने जास्त जिंकले होते, त्यांना वर्ल्ड सिरीज जिंकायला २०१७ उजाडलं.

सहकाऱ्याने पुढच्या वेळी थ्रोनबेरीचा किस्सा काढला की त्याला एड क्रेनपूलबद्दल विचारा. ब्रॉन्क्सच्या शाळेतून निघालेलं सतरा वर्षांचं पोर, १९६२ च्या त्या संघात मोसमाच्या शेवटी तीन सामने खेळलं. १९६९ ची वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या संघात पहिल्या वर्षीचा तो एकटाच खेळाडू उरला होता, आणि तिसऱ्या सामन्यात त्याने होमरन मारला. मग आणखी दहा वर्षं तिथेच खेळत राहिला.